चंपाषष्ठीचा घास

मी एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेली आणि मी स्वतः मात्र होतो तिथंच राहिलो, अणदूरला. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. नियमाबाहेर मी कुणाला गाडीत बसू दिलं नाही, मग तो सरपंचाचा मेव्हणा असो की माझा स्वतःचा. एकदा जळकोटच्या फाट्यावर एका माणसाला त्याच्या कुत्र्यासकट खाली उतरवलं होतं, वैशाखाच्या उन्हात. तो भांडला नाही. कुत्र्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि डांबरी रस्त्यानं चालायला लागला. गाडीतले चार-दोन लोक हळहळले. मी डबल बेल दिली.

त्या माणसाचा चेहरा आता आठवत नाही. पाठ आठवते.

आम्हाला मूलबाळ नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांना सांगितलंय की आता ते तिकीट फाडून दिल्यासारखं निघतं. रिटायर व्हायला महिना राहिला असताना नळदुर्गच्या स्टँडवर माझ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली एक पिल्लू झोपलेलं दिसलं. गाडी सुटायच्या आधी खाली वाकून बघायची मला सवय होती. विटकरी रंगाची कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. बाजूला नेऊन सोडलं की परत चाकाखाली. तीनदा सोडलं, तीनदा आली. शेवटी चिडून मी तिला खाकी पिशवीत टाकलं आणि घरी आणलं.

बायको म्हणाली, "अवं, लोकं रिटायर हुताना शाल-नारळ आनत्यात. तुमी ह्ये काय आनलं?"

"चाकाखाली मरत हुतं."

"मग बसवायचं की दुसऱ्या गाडीत," ती म्हणाली. पण बोलता बोलताच तिनं दुधाची वाटी खाली ठेवली होती.

कुत्रीला नाव होतं. ते मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं आणि मग उगाच दाराकडं नजर जाते.

रिटायर झाल्यावर शिस्त लावायला माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, बायको तर कधीच ऐकत नव्हती, म्हणून मी ती सगळी शिस्त त्या कुत्रीला लावली. उकिरड्यावरचं काहीबाही खाऊन ती एकदा आजारी पडली तेव्हापासून मी तिला एकच धडा दिला. समोर काहीही असो, मी 'खा' म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तसं. महिनाभरात ती इतकी तयार झाली की गल्लीतली पोरं मुद्दाम तिच्यासमोर बिस्किट ठेवायची. लाळ गळायची, पण ती बिस्किटाकडं न बघता माझ्याकडं बघत बसायची. शेजारची म्हातारी माहेरची कर्नाटकातली, तिच्या बोलण्यात अर्धं कानडी. ती भाकरीचा तुकडा पुढं करून "बा, बा, तिन्नु" म्हणायची. ये, खा. कुत्री शेपटी हलवायची आणि मान माझ्याकडं वळवायची. म्हातारी म्हणायची, "न्हवऱ्याचं बी बायकू एवढं ऐकत न्हाय रं बाबा." माझी छाती फुगायची. आता लिहायलाही लाज वाटते, पण फुगायची.

चौथ्या वर्षी तिचं पोट बिघडलं ते बसेचना. आधी जुलाब, मग उलट्या, मग शीतून रक्त. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, मग अँटिबायोटिक, मग स्टिरॉइड. स्टिरॉइडनं बरं वाटायचं, पण ती बादलीभर पाणी प्यायची आणि सदान्‌कदा धापा टाकायची. गोळी कमी केली की दुसऱ्या दिवशी परत रक्त. बरगड्या मोजता येईनात इतकी भरलेली कुत्री, तिच्या बरगड्या ओसरीच्या या टोकावरून दिसायला लागल्या. डॉक्टर चांगला माणूस होता. तो म्हणाला, "काका, माझ्या हातातलं सगळं करून झालं. पुण्याला एका दवाखान्यात ह्या आजारावर नवं काहीतरी करत्यात. तिथं दाखवा."

पुण्याला न्यायचं तर माझ्या डोक्यात गाडी म्हणजे एसटीच. तिला चादरीत गुंडाळून स्टँडवर गेलो. दारात उभा होता तो कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. मला बघून हसला, चादर बघून थांबला. "काका," तो म्हणाला, "तुमीच शिकवलं हाय मला."

मी त्याच्याशी भांडलो नाही. कुत्रीला खांद्यावर घेतलं आणि परत फिरलो. जळकोटच्या फाट्यावरचा तो माणूस मला तेव्हा पहिल्यांदा आठवला.

मग गावातून पुण्याच्या मार्केटला भाजी नेणारा एक टेम्पो गाठला. कोथिंबिरीच्या वासात, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर कुत्री घेऊन मी पुण्याला गेलो.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. बोलायला मऊ, पण शब्दाला पक्की. आतड्यात दुर्बीण घालून, तुकडा काढून, तपासून तिनं सांगितलं की आत गाठ नाही, जंतूही नाहीत. सूज आहे, आणि ती सूज शरीरानंच आणली आहे. शरीराचे रखवालदार आहेत ना काका, ती म्हणाली, ते स्वतःच्याच घरावर उठलेत.

"मग त्यांना मारायचं औषध?"

"ते देऊन झालं. स्टिरॉइड म्हणजे तेच. आता आपण दुसरं करून बघू. मूळपेशी देऊ."

मूळपेशी म्हणजे काय ते तिनं मला समजावून सांगितलं. एखाद्या निरोगी कुत्रीचं ऑपरेशन करताना जी चरबी निघते, त्यातून त्या पेशी काढतात, काचेच्या भांड्यात वाढवतात, मग सलाईनमधून शिरेत सोडतात. मी विचारलं, त्या जाऊन नवं आतडं बनवतात का? ती म्हणाली, तसं नाही. जिथं सूज आहे तिथं त्या जातात आणि भडकलेल्या रखवालदारांना शांत व्हायला सांगतात. बास, एवढंच त्यांचं मुख्य काम. काही दिवसांनी त्या स्वतः नाहीशा होतात.

हे मात्र मला चटकन कळलं. गाडीत जागेवरून दोन बाप्ये हमरीतुमरीवर आले की मी ओरडून काही व्हायचं नाही. एखादी म्हातारी उठायची, दोघांच्या मध्ये जाऊन बसायची, एकाला म्हणायची तू कुणाचा रं, दुसऱ्याला म्हणायची तुजी आई कशी हाय. पुढच्या स्टॉपपर्यंत सगळं थंड. म्हातारी आपल्या गावी उतरून जायची, भांडण परत व्हायचं नाही. मी डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काका, मी आता सगळ्यांना असंच सांगणार."

मग ती हसायची थांबली. हे अजून चाचणीत आहे, तिनं सांगितलं. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. मी शब्द देणार नाही. आणि पथ्य मोडलं तर सगळंच वाया. तिनं एका पिशवीतलं खाणं दाखवलं, बारीक गोळ्या गोळ्यांचं, खास अशा आतड्यासाठी केलेलं. फक्त हे आणि पाणी. बिस्किटाचा तुकडासुद्धा नको, भाकरीची कोरसुद्धा नको, मी तपासून सांगेपर्यंत. "कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही विषासारखा. आतडं शांत होतंय, काका. त्याला डिवचायचं नाही."

मग एका कागदावर सही करायची होती. त्यावर छापलं होतं, 'मालक / पालक', नको ते खोडा. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. बाईला वाटलं मला वाचता येत नाही. मी 'मालक' खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा 'पालक' या शब्दापुढं माझं नाव लिहिलं.

मला वाटलं होतं एवढं मोठं औषध म्हणजे काहीतरी दिसायला तरी वेगळं असेल. साधं पाणी होतं, जरासं गढूळ. बाई मधूनमधून ती पिशवी हातानं हलकेच हलवायची, पेशी तळाला बसू नयेत म्हणून. थेंब थेंब पडत होता. कुत्री माझ्याकडं बघत पडून राहिली, जशी बिस्किटासमोर बसायची तशी. माझ्या रुमालाच्या टोकाला खंडोबाचा भंडारा बांधलेला होता. तो मी तिच्या कपाळाला लावायला काढला तर बाई म्हणाली, "काका, सुईजवळ हळद नको." मग मी तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि मनातल्या मनात बोललो. देवा, ही वाचू दे. चंपाषष्ठीच्या नैवेद्याचा पहिला घास हिच्या तोंडात घालीन, माझ्या हातानं.

आमच्याकडं हे काही जगावेगळं नाही. कुत्रं खंडोबाचं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य देवाला दाखवला की आधी कुत्र्याला देतात, मग माणसं जेवतात. घराघरांतून होतं. ज्याच्याकडं कुत्रं नाही तो दुसऱ्याच्या दारी घास घेऊन जातो. मी फक्त नवस बोलून ते पक्कं केलं. दवाखान्यात बसून, पथ्याचा कागद मांडीवर ठेवून, मी हे बोललो, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील हे माझ्या मनातही आलं नाही.

असं पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा पुण्याला नेलं. तिसऱ्या खेपेनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी परसातून ओरडत घरात आलो. बायको घाबरून बाहेर आली. मी म्हटलं, "अगं, बांधून आलं! खडा झालाय खडा!" कुत्र्याच्या शीसाठी साठीतला माणूस नाचतो हे बघून ती आधी हसली आणि मग पदर डोळ्याला लावून आत गेली. त्यानंतर रोज मी परसात जाऊन बघायचो आणि ती चुलीपाशी बसून विचारायची, "कसं हाय?" मी म्हणायचो, "फस्क्लास."

कुत्री भरायला लागली. केस चमकायला लागले. संध्याकाळच्या सोलापूर गाडीचा हॉर्न ओळखून ती पूर्वीसारखी फाटकापर्यंत पळायला लागली. गल्लीत बातमी पसरली. शेजारची म्हातारी येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडायची आणि म्हणायची, "मल्लय्यानं ठिवली बग." मल्लय्या म्हणजे कानडीत आमचा खंडोबाच. मी पुण्याच्या बाईचं आणि त्या गढूळ पाण्याचं सांगायचो. म्हातारी म्हणायची, "पानी त्याचंच की रं."

ते चातुर्मासाचे दिवस होते. आमच्या घरात आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं, कांदा, लसूण बंद. मी ताटावर बसून बिनकांद्याची आमटी ओरपायचो आणि ती माझ्याशेजारी बसून आपल्या गोळ्या खायची. 'खा' म्हणायचो, मग खायची. मी तिला म्हणायचो, "तुजं बी पथ्य, माजं बी पथ्य. सोडू दोगं बी एका दिशी." हे मी गमतीनं म्हणायला लागलो. रोज म्हणता म्हणता कधी ते खरं वाटायला लागलं ते मला कळलंच नाही. माझं पथ्य देवाच्या दिवशी सुटतं, तर तिचंही सुटेल. देवाच्याच कुत्रीचं सुटणार नाही तर कुणाचं?

बाईची पुढची तपासणी चंपाषष्ठीनंतर बारा दिवसांनी होती. माझ्याजवळ तिचा नंबर होता. फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी केला नाही. विसरलो म्हणून नव्हे. ती नको म्हणेल हे मला माहीत होतं म्हणून. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, पण खरं तेच आहे.

चंपाषष्ठीच्या सकाळी बायकोनं वांगी भाजली. पाच महिन्यांनी घरात लसणाचा वास आला. बाजरीचे रोडगे, भरीत, कांद्याची पात. गल्लीतले चार बाप्ये आले, मी पाचवा. ताम्हणात पानं, खोबरं, भंडारा घेऊन पाचांनी तळी उचलली. "सदानंदाचा येळकोट!" असा आवाज झाला की कुत्री एरवी भुंकायची, त्या दिवशी शहाण्यासारखी बसून राहिली. बायकोनं पानात घास काढला आणि हळूच म्हणाली, "नुसता रोडगा देऊ का? भरीत नगं. मॅडमनी सांगितलंय."

मी भडकलो. "नवसाचा घास कोरडा देत्यात व्हय? देवाचं हाय, देवाचं बाधतं का कुटं?"

ती गप्प झाली. माझ्यापुढं ती क्वचित गप्प व्हायची. त्या दिवशी ती भांडली असती तर, असं मी नंतर कितीदा तरी मनात म्हटलं, आणि प्रत्येक वेळी माझीच मला चीड आली. माझ्या चुकीचं ओझं तिच्या गप्प बसण्यावर टाकायला निघालेला मी.

मी रोडग्याचा तुकडा भरितात बुडवून तिच्यापुढं धरला. आणि बघतो तर दारात गल्ली उभी. देवानं वाचवलेली कुत्री म्हणून प्रत्येकाला आपला घास तिलाच द्यायचा होता. शेजारची म्हातारी सगळ्यांत पुढं. पानांची रांग लागली ओसरीवर, सात-आठ पानं, प्रत्येकात रोडगा आणि भरीत. "बा, तिन्नु," म्हातारी म्हणाली.

कुत्रीनं एकाही पानाला तोंड लावलं नाही. ती माझ्याकडं बघत बसली.

मागून कुणीतरी म्हणालं, "देवाचं नाकारती का काय?" कुत्र्यानं नैवेद्य नाकारणं आमच्यात चांगलं मानत नाहीत. म्हातारीचा चेहरा पडला. तिनं किती मायेनं आणला होता तो घास. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कुत्री तर बघतच होती. पाच महिने तिनं लाळ गिळली होती, शेजारच्या पोरांचे वडे, बिस्किटं, म्हातारीच्या भाकरी, सगळं सोडलं होतं, केवळ माझ्या एका शब्दासाठी. त्या क्षणी मला तिचा केवढा अभिमान वाटला! बघा म्हणावं, कशी कुत्री आहे.

मी म्हटलं, "खा."

तिनं सगळी पानं चाटूनपुसून खाल्ली. लोकांनी येळकोट केला. कुणीतरी तिच्यावर भंडारा उधळला. विटकरी कुत्री पिवळी झाली आणि अंग झाडून सगळ्यांच्या धोतरांवर तिनं तो उडवला. सगळे हसले. मीही.

देव त्या दिवशी आमच्या गावात नव्हताच. अणदूर आणि नळदुर्ग, दोन्हीकडं मूर्ती एकच. मार्गशीर्षात तो नळदुर्गाला जातो, तिकडचा मुक्काम संपवून मग परत येतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं उलटी केली. तिसऱ्या दिवशी रक्त. हिरड्या पांढऱ्या पडल्या. पुण्याला फोन लावला. बाईनं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "काका, खाण्यात काही बदल झाला का?"

मी म्हटलं, "न्हाय, मॅडम."

एकतीस वर्षांत खोटं बोलून फुकट प्रवास करणारी माणसं मी नुसत्या नजरेनं ओळखली. आणि मी इतक्या सहज बोलून गेलो. बाई म्हणाली, "मग पेशींचा परिणाम ओसरला असेल. असं होऊ शकतं. मी नोंद करते." मी फोन ठेवला तर बायको चुलीपुढून माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा फोन उचलला. तिला आकडे वाचता येतात, नावं नाही. शेवटचा लावलेला नंबर तिनं दाबला.

"मॅडम, म्या ह्यांची बायकू बोलतीय. काल ह्यांनी खोटं सांगितलं. म्या भरीत केलं हुतं. कांदा, लसूण, समदं हुतं त्यात. सात-आट पानं खाल्ली तिनं." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिला ह्यांनी खा म्हनलं म्हून खाल्लं वो तिनं. न्हायतर ती खाईत न्हवती."

मग बाई म्हणाली, "काकू, बरं झालं सांगितलंत," आणि भरभर सांगायला लागली. कांद्यानं रक्त बिघडलं असेल, तपासा, सलाईन लावा, जमलं तर इकडं आणा. बायकोला हे सगळं कळेना म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. बाई मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तालुक्याचा डॉक्टर दोन वेळा येऊन सलाईन लावून गेला. रस्ता तिला झेपणार नाही, तो म्हणाला. मी तरी टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं होतं. ती ओसरीवर त्याच चादरीत पडली होती. मी वाटीत तिच्या पथ्याच्या गोळ्या भिजवून मऊ केल्या आणि तिच्या तोंडापाशी धरल्या. तिनं वास घेतला नाही. डोळे माझ्याकडं वळवले. मी म्हटलं, "खा, बाई." आणि तिनं खाल्लं. मान उचलवत नव्हती, तरी जीभ काढून चाटून घेतलं. घटकाभरात सगळं उलटून पडलं. मी परत भिजवलं, परत म्हटलं, परत तिनं खाल्लं.

तिसऱ्यांदा वाटी धरली तेव्हा बायकोनं माझं मनगट पकडलं. "अवं, नका म्हनू. तिला नगंय. तुमी म्हनताय म्हून ती खातीय."

मी वाटी खाली ठेवली. ती माझ्याकडं बघत राहिली. मी काही म्हणालो नाही. सोलापूर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तिचा उभा कान हलला, आणि नंतर तो हलला नाही. वाटीतलं तसंच होतं.

परसात, जिथं मी रोज सकाळी बघायला जायचो, तिथंच आम्ही तिला पुरलं. म्हातारी भंडारा घेऊन आली होती. मी तिला तो टाकू दिला. तिला मी काही सांगितलं नाही. तिच्या घासात काय होतं ते तिला कळून काय उपयोग?

पंधरा दिवसांनी मी पुण्याला गेलो. या वेळी एसटीनं, एकटा. कुत्रीच्या खाण्याची एक पिशवी जवळजवळ भरलेली उरली होती, ती परत द्यायची होती. बाईपुढं बसून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, नवस, चातुर्मास, सगळं. फक्त मुद्दाम फोन केला नाही, तेवढं सोडून. शेवटी म्हटलं, "तुमच्या कागदात पेशी लागू पडल्या न्हाईत असं लिवू नगा. त्या लागू पडल्या हुत्या."

"लागू पडल्या असंच लिहिलंय काका," ती म्हणाली. मग म्हणाली, "यामुळंच झालं असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हा आजार कधी कधी आपला आपण उलटतो."

ती मला सवलत देत होती. आयुष्यभर कागद बघितल्याशिवाय मी कुणाला सवलतीचं तिकीट दिलं नाही. तेव्हा मीही ते घेतलं नाही. मी पिशवी पुढं केली. ती म्हणाली, बाहेर एक पेशंट बसलाय, त्याची आज पहिली वेळ आहे, त्यालाच लागेल. तिथंच थांबा.

बाहेर बाकावर एक शेतकरी बसला होता, पायाशी काळं कुत्रं. हाडं दिसत होती. कोरा चाचणीचा कागद त्याच्या हातात. त्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. "तुमच्या बी कुत्र्याला ह्योच आजार?"

"व्हय."

"गुण येतो का वो?"

"येतो," मी म्हटलं. "लई येतो."

त्याच्या चेहऱ्यावर जे उजेडल्यासारखं झालं ते मला बघवेना. तेवढ्यात त्याच्या कुत्र्याला पिशवीचा वास लागला. ते उठलं, पिशवीला नाक लावलं, आणि मान वर करून बघायला लागलं. त्याला वाटत असावं पिशवी ज्याच्या हातात त्यालाच विचारायचं असतं.

"कालपास्नं उपाशी ठिवलंय हो सुईसाटी," तो माणूस म्हणाला. "चार दानं घालू का तोंडात? तुमाला म्हाईत असंल."

माझ्या तोंडाशी तो शब्द आला. कुत्रं बघत होतं.

"मला नका इचारू," मी म्हटलं. "आत जावा. मॅडमला इचारून या."

तो उठून आत गेला. तो परत येईपर्यंत मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.